आमची वाटचाल : लोहगडापासून कालेमेगदानपर्यंत

आमच्या सहल व्यवसायाची सुरुवात २००९ साली ठाण्यात झाली, तेव्हा भाड्याची एक मिनीबस, ओळखीच्या शिक्षकांच्या दूरध्वनी क्रमांकांची वही आणि रविवारी पहाटे चार वाजता उठून पंचवीस जणांचा उपमा करण्याची माझ्या पत्नीची तयारी एवढेच आमचे भांडवल होते. लोहगड, राजमाची, कर्नाळा आणि पाऊस ओसरला की रायगड, इतकाच आमचा मुलूख होता. आज आमचे वर्षातले चार मोठे गट सर्बियाच्या राजधानीला, बेलग्रेडला जातात. सह्याद्रीत माणसे नेणारा हा गृहस्थ थेट बाल्कनमध्ये कसा जाऊन पोचला, असे बरेच जण विचारतात, म्हणून हा वृत्तान्त लिहून ठेवत आहे.

कारण अगदी व्यावहारिक होते. सप्टेंबर २०१७ पासून सर्बियाने भारतीय पासपोर्टधारकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देऊ केला. पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंडच्या सहलींत मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करण्याची आमची ऐपत नव्हती, आणि व्हिसासाठी प्रत्येक प्रवाशाच्या बँक उताऱ्यांचे गठ्ठे तपासत बसण्याइतकी माणसेही आमच्या कार्यालयात नव्हती. त्या नोव्हेंबरात आम्ही दोघे स्वखर्चाने पाहणीला गेलो. सावा आणि डॅन्यूब या दोन नद्यांच्या संगमावर, उंच कड्यावर पसरलेला किल्ला पाहताच पत्नी म्हणाली, "हा आपल्या माणसांना समजावून सांगावा लागणार नाही." पुढे सगळा व्यवसाय या एका वाक्यावर उभा राहिला.

त्या किल्ल्याचा परिसर कालेमेगदान या नावाने ओळखला जातो. तुर्की भाषेतील 'काले' म्हणजे किल्ला आणि 'मेयदान' म्हणजे मैदान. अरबी-फारसीच्या ज्या वाटेने हे दोन शब्द मराठीत आले, त्याच वाटेने ते तुर्कांबरोबर डॅन्यूबच्या काठीही पोचले. आमच्या गटांतील मंडळींना हे कळले की त्यांचा परकेपणा तिथल्या तिथे निम्मा होतो. मग ती आपल्या सवयीप्रमाणे दरवाजे मोजू लागतात, तटाची रुंदी पावलांनी मापतात आणि वेढा पडल्यावर पाण्याची सोय काय होती, हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर म्हणून आम्ही त्यांना 'रोमन विहीर' दाखवतो. सुमारे साठ मीटर खोल असलेल्या या विहिरीचा रोमन लोकांशी काहीही संबंध नाही. ऑस्ट्रियाने १७१७ मध्ये किल्ला घेतल्यानंतर तिचे काम सुरू झाले आणि १७३१ मध्ये ते पुरे झाले. रोमन सैन्याची छावणी या जागी होती हे मात्र खरे असून त्या काळी शहराचे नाव सिंगिदुनुम होते.

किल्ल्याचा इतिहास सांगताना पहिल्या वर्षी मी राजांच्या नावांची रांगच लावत असे आणि लोक जांभया देत. आता मी तीनच सने सांगतो. १४५६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकून तीनच वर्षे झालेल्या तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमदने वेढा घातला, पण हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी याने तो परतवला. १५२१ मध्ये सुलतान सुलेमानने किल्ला जिंकला. त्यानंतर अधूनमधून ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेलेला हा किल्ला तुर्कांनी १८६७ मध्ये कायमचा सोडला, आणि शहराच्या किल्ल्या सर्बियाचा राजपुत्र मिहाइलो याच्या हाती समारंभपूर्वक दिल्या. किल्ला आणि किल्ल्या यांवरचा विनोद प्रत्येक गटात कोणीतरी करतेच, त्यामुळे तो आता मी करत नाही.

तटाखालच्या उतारावर रुझित्सा नावाचे छोटे, वेलींनी झाकलेले चर्च आहे. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या या चर्चची १९२५ मध्ये पुन्हा उभारणी झाली. आत शिरून वर पाहिले की झुंबर दिसते आणि ते कशाचे केले आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. त्यात बंदुकीच्या गोळ्यांची रिकामी पितळी टोपणे ओळीने गुंफली आहेत आणि त्यांच्यामध्ये तलवारी बसवल्या आहेत. भूदलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आमचे एक प्रवासी तिथे मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की पुढचा कार्यक्रम अर्धा तास लांबला. ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

किल्ल्याच्या टोकावर उंच स्तंभावर 'पोबेदनिक', म्हणजे विजेता, हा इव्हान मेश्त्रोविच यांनी घडवलेला पुतळा १९२८ पासून उभा आहे. एका हाती ससाणा आणि दुसऱ्या हाती तलवार असलेला हा पुरुष पूर्ण विवस्त्र आहे. तो मुळात शहराच्या मध्यभागी तेराझिये चौकात बसायचा होता, परंतु भर चौकात नग्न पुतळा नको अशी ओरड झाल्याने त्याची रवानगी किल्ल्यावर झाली आणि तोंड नदीकडे केले गेले. ही हकिकत ऐकून आमच्या काकू मंडळींना सर्बियन लोक एकदम शेजारचे वाटू लागतात.

पहिला गट एप्रिल २०१८ मध्ये गेला आणि त्यात चौदा जण होते. त्या सहलीत आमच्या हातून दोन चुका झाल्या. संग्रहालयांचा दिवस म्हणून मी सोमवार ठेवला होता, आणि तिथली बरीचशी संग्रहालये सोमवारी बंद असतात. युगोस्लाव्हिया संग्रहालयाच्या बंद दारापुढे चौदा माणसांची मला माफी मागावी लागली. दुसरी चूक जेवणाची होती. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात आणि त्या जेवणाला 'पोस्नो' म्हणतात, हे कळल्यावर शाकाहारी प्रवाशांचा प्रश्न सुटला अशा समजुतीने मी सगळीकडे 'पोस्नो' जेवण सांगून ठेवले. पण 'पोस्नो' म्हणवणाऱ्या जेवणात मासे असू शकतात, ही गोष्ट पहिल्याच रात्री ताटांत मासे आल्यावर समजली. गटात चार जैन प्रवासी होते. तेव्हापासून आम्ही पदार्थांची नावे घेऊनच जेवण ठरवतो. भट्टीत कांद्याबरोबर शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याचा 'प्रेब्रानात्स', भाजलेल्या लाल मिरच्यांची 'आयवार' ही चटणी आणि ताजी भाकरीसारखी जाड रोटी एवढ्यावर मराठी माणूस तक्रार करत नाही. जैन मंडळींसाठी मात्र कांद्याविना वेगळे सांगावे लागते.

शहरातील बाकीची स्थळे आम्ही सारख्या मापाने दाखवत नाही. ज्यात आमच्या लोकांना रस आहे तिथे थांबतो आणि बाकीची बसमधून दाखवून पुढे जातो. व्राचार टेकडीवरील संत सावा मंदिरात आमचा एक तास ठरलेला असतो. सर्बियन चर्चचे संस्थापक संत सावा यांचे अवशेष १५९५ मध्ये तुर्की सेनापती सिनान पाशाने जिथे जाळले असे मानतात, तिथे हे चर्च आहे. १९३५ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम महायुद्धामुळे थांबले आणि थेट १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाले. सुमारे चार हजार टन वजनाचा मधला घुमट जमिनीवर तयार करून १९८९ मध्ये जॅकच्या साहाय्याने हळूहळू वर चढवला, हे सांगितले की गटातला एखादा स्थापत्य अभियंता सोनेरी मोझाइककडे पाठ फिरवून खांबांचा हिशेब मांडू लागतो.

विजेच्या क्षेत्रातील संशोधक निकोला टेस्ला यांचे संग्रहालय छोटे आहे, पण आमच्या सहलीत सर्वांत जास्त छायाचित्रे तिथेच निघतात. टेस्ला स्वतः बेलग्रेडला आयुष्यात एकदाच, १८९२ मध्ये, जेमतेम दीड दिवस येऊन गेले. तरीही त्यांचे कागदपत्र, वस्तू आणि सोनेरी गोलात ठेवलेली रक्षा याच घरात आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रेक्षकांच्या हाती ट्यूबलाइटची नळी देतात आणि टेस्ला कॉइल सुरू होताच ती तारेविना पेटते. वीज मंडळात तीस वर्षे काढलेले एक काका ती पेटलेली नळी हातात धरून पत्नीकडे अशा नजरेने पाहत राहिले, की मी ते छायाचित्र मोठे करून कार्यालयात लावले आहे.

ज्येष्ठ प्रवाशांसाठी, सर्बिया ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांची समाधी असलेले 'फुलांचे घर' महत्त्वाचे ठरते. नेहरू, नासर आणि टिटो ही नावे एका दमात पाठ केलेली ही पिढी आहे. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद सप्टेंबर १९६१ मध्ये याच शहरात भरली होती. मे १९८० मध्ये टिटोंच्या अंत्यविधीला इंदिरा गांधी आल्या होत्या, हे सांगताच 'तेव्हा वर्तमानपत्रात पाहिले होते' असे म्हणणारे एखादे आजोबा भेटतात.

एका जागेबाबत आमचा नियम कडक आहे. १९९९ च्या नाटोच्या बॉम्बहल्ल्यांत फुटलेली लष्करी मुख्यालयाची इमारत क्नेझा मिलोशा रस्त्यावरून दिसते. तिथे आम्ही माहिती देतो, पण उतरून हसतमुख छायाचित्रे काढू देत नाही. कोणाच्या घरचे दुःख पार्श्वभूमीला घेऊ नये, असे आमचे मत आहे आणि त्यावरून एकदा एका प्रवाशाशी वादही झाला.

करोनाच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अनामत रकमा परत केल्या, स्वतःची मिनीबस विकली आणि दोन वर्षे घरून मसाल्याच्या पुड्या विकल्या. खरा धक्का त्यानंतर बसला. १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने भारतीयांचा व्हिसामुक्त प्रवेश बंद केला, आणि एप्रिलच्या दोन गटांचे पैसे आम्ही तोवर घेऊन बसलो होतो. 'व्हिसा लागत नाही' हीच आमच्या जाहिरातीची पहिली ओळ होती. एक गट रद्द झाला. दुसऱ्यातील अकरा जण मात्र अर्ज करून, कागदपत्रे जमवून आले, कारण त्यांना तो किल्ला पाहायचा होता. आम्ही जाहिरात बदलली, तीन रात्रींच्या पाच केल्या आणि शेजारच्या देशांची धावती भर काढून टाकली. युरोपातील बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा शेंगेन व्हिसा वैध असणाऱ्यांना सर्बियाचा वेगळा व्हिसा लागत नसल्याने जर्मनीत मुलांकडे गेलेले ठाणे-पुण्याचे आई-वडील आता थेट बेलग्रेडला येऊन आमच्या गटात सामील होतात. त्यांचा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे की नाही, हे मात्र आम्ही पैसे घेण्याआधी स्वतः तपासतो, कारण एकदाच्या प्रवेशाचा असेल तर माणूस सर्बियात येतो आणि परत मुलाकडे जाता येत नाही.

प्रत्येक प्रवाशाला आम्ही दहा शब्दांचा कागद देतो. 'चाय' आणि 'सापून' शिकवावे लागत नाहीत. दुकानात गल्ल्यावरची मुलगी 'केसा?' असे विचारते तेव्हा एक आजी स्वतःच्या अंबाड्याला हात लावून पाहत होत्या. केसा म्हणजे पिशवी, आणि आपला खिसा तिचा सख्खा भाऊ. त्याच कागदावर 'कोद कोन्या', म्हणजे घोड्याजवळ, हे शब्द ठळक छापलेले आहेत. प्रजासत्ताक चौकात राजपुत्र मिहाइलोचा १८८२ चा अश्वारूढ पुतळा आहे आणि भेटायची जागा म्हणून सगळे बेलग्रेड तेवढेच म्हणते. त्याच आजी पुढे क्नेझ मिहाइलोवा रस्त्यावर चुकल्या, तेव्हा त्यांनी एका मुलाला हे दोन शब्द म्हणून दाखवले आणि आम्ही शोधत पोचेपर्यंत त्या घोड्याखाली आइस्क्रीम खात बसल्या होत्या.

सोमवार आता आम्ही बेलग्रेडच्या झेमुन या जुन्या भागासाठी ठेवला आहे. गार्दोश टेकडीवरचा १८९६ चा मनोरा, खाली डॅन्यूबचा काठ आणि संग्रहालयाचे एकही दार नाही. तिथे शहराच्या बसने जातो. १ जानेवारी २०२५ पासून बेलग्रेडमधील सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत झाली आहे. ही बातमी आमच्याआधी पुण्याच्या एका प्रवाशाने वाचली आणि सहलीच्या दरपत्रकातील 'स्थानिक बस' या ओळीवर खूण करून ते पत्रक त्यांनी मला परत पाठवले. ती रक्कम आम्ही त्या गटातील सर्वांच्या दरातून वजा केली.