रायतूरला जाताना आधी कुंकळ्ळी

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत कवी ना. वा. टिळकांची गीते म्हणत मी वाढलो. त्यांच्या तीनशे वर्षे आधी गोव्यातल्या साष्टीत बसून एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने, ओवीत ख्रिस्तचरित्र लिहिले: ‘क्रिस्तपुराण’. त्या फादर थॉमस स्टीफन्सचे रायतूर पाहायची इच्छा फार जुनी. यंदा जमले.

मडगावहून थेट रायतूरला जाऊ नका. आधी दक्षिणेला, कुंकळ्ळीला जा. 1583 च्या जुलैत इथे गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट मारले गेले. त्यांतला रुदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. पण पोर्तुगिजांनी गावाची देवळे त्याआधी पाडली होती, आणि पुढे त्यांनी बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकार (गावाच्या जमिनीचे मूळ वहिवाटदार) पुढाऱ्यांना दगाफटका करून मारले. या पुढाऱ्यांचे स्मारक गावात आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. प्रार्थना करायची होती. शब्द सुचले नाहीत.

त्या पाच जणांचे मृतदेह मिळवून दफनाला आणणारा माणूस स्टीफन्सच. गोव्यात येऊन त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. हे डोक्यात ठेवूनच मग रायतूर गाठावे.

मडगावहून रिक्षाने अर्धा तासही लागत नाही. रिक्षावाल्याला ‘राचोल सेमिनरी’ सांगितले तरी कळते. टेकडीवर पांढरी भव्य इमारत, शेजारी संत इग्नेशियसचे चर्च, पलीकडे जुवारी नदी. इथे आजही भावी धर्मगुरू शिकतात, म्हणून आधी फोन करून परवानगी घ्या, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पूर्वी इथे होते. ते आता जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात आहे. ‘क्रिस्तपुराणा’ची 1616 ची छापील प्रतही शोधू नका. 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांसकट त्यातली एकही प्रत उरलेली नाही.

पुराण मात्र सोबत न्या. निदान पहिली ओवी पाठ करून जा:

ओं नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था ।
परमेश्वरा सत्यवंता । स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥

चर्चमधल्या बाकावर बसून मी ती हळू आवाजात म्हटली. ‘विश्वभरिता’ ऐकले की आपल्याला संतांची ओवी आठवते: देव सगळीकडे भरून राहिलेला. पण शेवटी ‘रचणारा’ येतो. म्हणजे भरून राहिला तरी तो सृष्टीहून वेगळा, तिला घडवणारा. मध्ये ‘बापा’. त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) पहिला पुरुष ‘बापा’ या घरगुती हाकेत मराठीत आला. हे निव्वळ भाषांतर नव्हे. हा माणूस मराठीत ईश्वरविचार करत होता. भाषांमध्ये मराठी कशी, तर फुलांमध्ये मोगरी, असे त्याने म्हटले ते तोंडदेखले नव्हते. पुराण रोमन लिपीत छापले गेले, पण इथल्या लिपीचे टाइप पाडावेत अशी विनंती त्याने 1608 मध्ये रोमला केली होती.

तरीही कुंकळ्ळी मनातून जात नव्हती. पुराणातला नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला दुसरी काही द्या. या प्रश्नाचे उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या. ती मागणी कोणत्या पोकळीतून आली होती, हे मला सकाळच्या त्या स्मारकापाशी कळले होते.

जाताना सकाळ निवडा. दुपारी सेमिनरीत सामसूम असते, आणि कुंकळ्ळीत घाई करवत नाही.