खिळे सरळ निघाले होते

टोर्नेडो येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप, होकायंत्र आणि वही घेऊन त्याच्या वाटेवर चालायला निघालो. 'टोर्नेडो' हाच शब्द इथे वापरतो आहे, कारण 'चक्रीवादळ' म्हटले की शेकडो किलोमीटर पसरलेले समुद्री वादळ डोळ्यांसमोर येते, आणि 'वावटळ' म्हटले की धूळ-पाचोळ्याची निरुपद्रवी गिरकी.

पाहणीचा पहिला प्रश्न वारा किती जोराचा होता हा नसून, तो खरोखर फिरणारा वारा होता का, हा असतो. गडगडाटी ढगातून हवेचा लोट खाली आदळला तरीही झाडे उन्मळतात, छपरे उडतात आणि लोक शपथेवर सांगतात की सोंड दिसली. त्यामुळे आधी पडलेली झाडे पाहायची. आदळलेल्या लोटात ती पंख्याच्या काड्यांसारखी बाहेरच्या बाजूला पसरतात, तर टोर्नेडोच्या दोन्ही कडांची झाडे शेंडे आत करून मधल्या रेषेकडे झुकलेली सापडतात. हा फरक जपानी-अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी जगाला दाखवला. १९४५ मध्ये अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकीची पाहणी त्यांनी केली होती, आणि एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांत १४८ टोर्नेडो झाले, तेव्हा विमानातून काही ठिकाणी ताऱ्याच्या आकारात पसरलेली झाडे पाहून त्यांना त्या जुन्या पाहणीची आठवण झाली. मी ३७ झाडांच्या दिशा नोंदवल्या. बहुतेकांचे शेंडे आत वळलेले होते, म्हणजे शंका उरली नव्हती.

जोराचा हिशेब मात्र अवघड आहे, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच सर्वांत बेफिकिरीने सांगितला जातो. टोर्नेडोच्या आत वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र सहसा नसतेच. जे मोडले त्यावरून वेगाचा अंदाज बांधायचा असतो. फुजिता यांनी १९७१ मध्ये यासाठी मापनी मांडली, आणि अमेरिकेत २००७ पासून तिची सुधारित आवृत्ती वापरतात. तिच्यात घर, शाळा, खांब, झाड अशा २८ प्रकारच्या वस्तू धरल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मोडतोडीच्या पायऱ्या दिल्या आहेत. ही पद्धत किती परावलंबी आहे ते पाहायचे असेल, तर ३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातील एल रेनोचा टोर्नेडो पाहावा. फिरत्या रडारने त्यात ताशी ४८० किलोमीटरांहून अधिक वेग टिपला होता, तरीही त्याची अधिकृत श्रेणी ० ते ५ पैकी ३ राहिली, कारण त्या मोकळ्या रानात तेवढा जोर सिद्ध करील असे मोडण्यासारखे काही नव्हते.

माझ्या वाटेवर अडचण नेमकी उलटी होती. तिथे एका लाकडी सांगाड्याच्या घराचा फक्त चौथरा उरला होता. नेहमीच्या बांधणीचे घर चौथऱ्यावरून पुरते साफ झाले, तर मापनी ताशी सुमारे ३२२ किलोमीटर वेग सुचवते, आणि पाहायला जमलेल्या प्रत्येकाला ही सर्वांत वरची श्रेणी वाटत होती. खरे सांगायचे तर दुरून मलाही तसेच वाटले होते. जवळ जाऊन गुडघे टेकले, तेव्हा चौथऱ्याच्या कडेने एकही बोल्ट दिसला नाही. भिंतींखालची आडवी तुळई नुसत्या खिळ्यांनी काँक्रीटला ठोकलेली होती. अंगणात पडलेला तिचा एक तुकडा उलटा करून पाहिला, तर खिळे त्यातच होते, बोटभर लांब, वाकही न आलेले, टोकांना काँक्रीटची भुकटी लागलेले. वाऱ्याने लाकूड तोडले नव्हते. घर जसेच्या तसे उचकटून सरकवले होते आणि ते पुढे जाऊन कोसळले होते. शिवाय चौथऱ्यापासून वीस पावलांवरच्या झुडपांना पानेही शिल्लक होती. ३२२ किलोमीटरच्या वाऱ्याने ती ठेवली नसती. मी श्रेणी २ लिहिली.

घराचे मालक शेजारीच उभे होते. ते वादळाच्या वेळी बाहेरगावी होते, हे सुदैव. आकडा ऐकून ते जरा दुखावले, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. सगळे घर गेलेल्या माणसाला वारा मध्यम होता असे सांगणे म्हणजे दोष त्याच्याच माथी मारण्यासारखे वाटते, वास्तविक घर बांधणारा तिसराच कोणी असतो आणि भिंतीखाली काय ठोकले आहे हे घरात राहणाऱ्याला दिसतही नाही. मी तुळईचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने एक खिळा हलवून पाहिला आणि विचारले, "बोल्ट असते तर राहिले असते का घर?"

भिंती बहुधा जागेवर राहिल्या असत्या, असे मी सांगितले. छपराची खात्री देता येत नाही, कारण वासे भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी बांधलेले होते की तेही नुसते ठोकलेले, हे पाहायला छपर सापडायला हवे होते. ते कुठे पडले आहे हे त्यांना ठाऊक होते. ओढ्यापलीकडे, म्हणाले, आणि आम्ही दोघे तिकडे निघालो.