गाडीत मोबाइलचा चार्जर लावला की रेडिओ का खरखरतो?

नाशिकच्या द्वारका चौकात आकाशवाणी नाशिक, 101.4, स्वच्छ ऐकू येतं. इगतपुरीकडे निघालं की सिग्नल क्षीण होतो आणि चार्जरची खरखर वर येते. खरखर तेवढीच असते, स्टेशन अशक्त झालेलं असतं.

मूळ कारण चार्जरच्या पोटात आहे. 12 व्होल्टचे 5 करताना आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्या वेगाच्या पटीतल्या लहरी, थेट एफएमपर्यंत पोचतात आणि केबल आयती अँटेना बनते. स्वस्तातल्या चार्जरमध्ये ही खरखर अडवणारा फिल्टरच बऱ्याचदा वगळलेला असतो.

आधी खात्री करा. मोबाइल काढा, चार्जर राहू द्या. खरखर थांबली नाही तर चार्जरही उपसा. तरीही चालूच? मग डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा कॅमेरा, बघा. त्याची वायर बऱ्याचदा काचेवरच्या अँटेनाला खेटून नेलेली असते. रेसबरोबर सूर चढणारी शिट्टी मात्र अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची) किंवा मोबाइल स्टिरिओला जोडणाऱ्या ऑक्स वायरच्या अर्थिंगची, तिचा उपाय वेगळा.

चार्जरच्या खरखरीवर उपाय म्हणजे फेराइट क्लिप, केबलवर बसणारा चुंबकीय पदार्थाचा ठोकळा. ती केबलला चार्जरच्या टोकाशी, दोन-तीन सेंटीमीटरवर लावा. भोक मोठं असेल तर केबलचे दोन-तीन वेढे घ्या: वेढे दुप्पट, तर खरखरीला अडथळा साधारण चौपट. सैल बसलेली, फट राहिलेली क्लिप म्हणजे नुसतं लोढणं. तेवढ्याने भागलं नाही तर चार्जरच बदला.