डीआरएल लागले, आता वेळेवर विझायला हवेत

दोन्ही डीआरएल, म्हणजे गाडीच्या पुढे दिवसा लागणारे दिवे, बंपरमध्ये बसले, वायरिंग पूर्ण झालं आणि रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, फ्यूज बॉक्सच्या शेजारी कायमचा मुक्कामाला गेला. ही नोंद त्या सगळ्याची आहे, पण त्यातली बरीच जागा रिलेच खाणार. बॅटरीवरून दोन वायरी ओढल्या की डीआरएल पेटतो, त्यात फार काही नाही. तो कधी विझायचा, कुणाच्या इशाऱ्यावर विझायचा आणि गाडीच्या बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सला धक्का न लावता कसा विझायचा, डोकं तिथे लागतं.

दिवे निवडताना एका गोष्टीवर अडून बसलो होतो: काचेवर वर्तुळातला ई आणि त्याच्या जवळ आरएल ही अक्षरं हवीत. म्हणजे दिवा संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे तपासलेला. त्यात नाकासमोरच्या दिशेने किमान ४०० आणि जास्तीत जास्त १२०० कँडेला अशी चौकट आहे. सिलिकॉनच्या नळीतल्या लवचिक पट्ट्या दिसायला झकास असतात, पण त्यांचा उजेड चहूकडे सांडतो आणि समोर नेमका फार थोडा जातो. संध्याकाळच्या फोटोत त्या भाव खातात, भर दुपारी समोरून येणाऱ्याला पत्ताही लागत नाही. डीआरएलचं तर कामच दुपारचं. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावून गाडी चालवायची सक्ती केली, आणि युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना वेगळे डीआरएल सक्तीचे केले. दोन्हीचा हेतू एकच, गाडी लांबून लक्षात यावी. रस्ता उजळणं हा हेतू कधीच नव्हता.

जागेसाठी ४८ क्रमांकाची नियमावली हाताशी ठेवली. जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंची, आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर. फॉगलाईटच्या रिकाम्या खोबणीत माझे दिवे ४३० मिलिमीटरवर आले आणि मधलं अंतर ८८० भरलं, तेव्हा मापाची काळजी मिटली. काळजी होती ती कोनाची. बंपरचा पृष्ठभाग वर जाताना मागे झुकतो, दिवा थेट त्यावर चिकटवला तर तो आकाशाकडे बघतो. म्हणून २ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीचे ब्रॅकेट वाकवून घेतले, दिव्याचं तोंड सरळ समोर येईल असे. बोल्ट स्टेनलेसचे आहेत, त्यामुळे ॲल्युमिनियमशी थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. हे दोन धातू पाण्यामिठात एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं. नट नायलॉक, बाकी सगळे कंपनाने ढिले होतात. ज्यांना दिवे जाळीत बसवायचे आहेत त्यांनी मागे रडार सेन्सर नाही ना, आणि रेडिएटरची हवा अडत नाही ना, एवढं आधी पाहावं.

बंपर उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. वरच्या क्लिपा, चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे स्क्रू, मग दोन्ही बाजूंचे हूक बाहेरच्या दिशेने खेचायचे. फेंडरच्या कडेला मास्किंग टेप आधीच लावा आणि जास्तीच्या क्लिपा आणून ठेवा, जुन्या क्लिपांच्या मधल्या खिट्या मोडण्यासाठीच जन्माला येतात. बंपरमधल्या आणि गाडीतल्या वायरिंगमध्ये एक जलरोधक कपलर टाकला आहे, पुढच्या वेळी बंपर काढताना वायरी कापायला लागू नयेत.

आता मुख्य गोष्ट. दिव्यांबरोबर एक छोटा काळा कंट्रोल बॉक्स आला होता: लाल आणि काळी वायर थेट बॅटरीला, केशरी वायर पार्किंग लाईटला. इग्निशनची वायरच नाही. हा बॉक्स बॅटरीचं व्होल्टेज बघतो, ते १३ व्होल्टच्या वर चढलं की इंजिन चालू आहे असं समजून दिवे लावतो, आणि खाली आलं की थोड्या वेळाने विझवतो. जुन्या गाड्यांत ही युक्ती बरी चालते, कारण अल्टरनेटर सदानकदा १४ च्या आसपास चार्ज करत असतो. माझ्या गाडीचा अल्टरनेटर मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, चालवतो. थंड इंजिन चालू केल्यावर मल्टिमीटरवर १४.३ दिसलं. बॅटरी भरत आली तसं एकसारख्या वेगात ते १२.९ पर्यंत उतरलं, आणि ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा वर चढलं. इंधन वाचवायची ही पद्धत आहे, बिघाड नाही. पण व्होल्टेजवर विसंबलेला डीआरएल अशा गाडीत मोकळ्या रस्त्यावर, म्हणजे जिथे तो हवा तिथेच, बंद पडणार आणि ब्रेक मारताना पेटणार. उलट बाजूही आहे: घरी बॅटरीला चार्जर लावला की १३.५ च्या वर व्होल्टेज जातं आणि उभ्या गाडीचे दिवे लागतात. बॉक्स बाजूला ठेवला.

त्याऐवजी पाच पायांचा साधा रिले घेतला. इग्निशन चालू असतानाच येणारा सप्लाय पाय ३० वर. ८७ए वरून दोन्ही दिव्यांचं पॉझिटिव्ह. पार्किंग लाईटचं पॉझिटिव्ह ८६ वर आणि ८५ अर्थला. कॉइलला, म्हणजे रिलेतल्या ८५ आणि ८६ मधल्या वेटोळ्याला, करंट नसताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, म्हणजे चावी फिरवली की डीआरएल लागतात आणि रिलेची कॉइल शांत असते. पार्किंग किंवा हेडलाईट लावली की कॉइल ओढते, ८७ए सुटतो, दिवे विझतात. हेडलाईटचा नुसता फ्लॅश मारला तर पार्किंग लाईट लागत नाही, म्हणून डीआरएलही विझत नाही. नियमावलीलाही फ्लॅशच्या वेळी हीच सूट मान्य आहे.

इथे दोन गोष्टी जवळून बघण्यासारख्या आहेत. पहिली, कॉइल ओढल्यावर ३० चा सप्लाय ८७ वर जातो. आपण ८७ वापरत नाही म्हणून तो पाय उघडा सोडला, तर हेडलाईट लावताच तिथे जिवंत १२ व्होल्ट उभे असतात. रिले सॉकेटमध्येच बसवा आणि ८७ च्या घरात काही घालू नका, म्हणजे तो पाय प्लॅस्टिकच्या आत झाकलेला राहतो. दुसरी, पाच पायांचे सगळे रिले सारखे नसतात. काहींच्या मधल्या पायावर ८७ए नसून दुसरा ८७ असतो. बाहेरून जुळे भाऊ, पण असा रिले लावला की डीआरएल दिवसा बंद आणि रात्री चालू. कवचावरची आकृती बघाच, शिवाय मीटर बझरवर ठेवून ३० आणि मधला पाय तपासा. कॉइलला सप्लाय नसताना आवाज आला तर रिले आपल्या कामाचा.

कॉइलची मोजलेली रोधकता ८५ ओहम आली. १३.५ व्होल्टला साधारण ०.१६ ॲम्पियर, म्हणजे दोन वॅटच्या वर थोडं. माझे पार्किंग लाईट ५ वॅटचे फिलामेंट बल्ब आहेत, त्यामुळे एका बाजूला एवढा भार वाढल्याची बीसीएमने, म्हणजे गाडीचे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या संगणकाने, दखल घेतली नाही. पार्किंग लाईट एलईडी असतील तर मात्र हा वाढीव करंट बीसीएमला बिघाड वाटू शकतो आणि डॅशबोर्डवर बल्बची खूण लागते. तिथे कॉइल वेगळ्या सप्लायवर ठेवून एन चॅनल मॉसफेटने, म्हणजे स्विचसारख्या वापरायच्या ट्रान्झिस्टरने, चालवावी. त्याच्या गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, करंट जवळपास लागतच नाही, फक्त गेटवर व्होल्टेज आवरायला १५ व्होल्टचा झेनर डायोड आणि अर्थला एक मोठा रोध हवा.

बऱ्याच गाड्यांत बीसीएम पार्किंगच्या बल्बला सलग व्होल्टेज देत नाही, सेकंदाला शंभरेक वेळा चालू-बंद करून सरासरी सांभाळतो. अशा वायरीवर रिले लावला की तो मधमाशीसारखा गुणगुणतो आणि संपर्कबिंदू जळतात. मीटरच्या ड्यूटी सायकल मोडवर वायर तपासली, माझ्याकडे सलग व्होल्टेज मिळालं, म्हणून साधा रिले चालून गेला. तुमच्या गाडीवर हे आधी मोजा, रिले नंतर आणा.

कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडला आहे, पट्टा ८६ च्या बाजूला. कॉइलचा सप्लाय तुटतो त्या क्षणी ती उलट्या दिशेने मोठा झटका मारते आणि तो झटका बीसीएमच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर जातो. डायोड किरकोळ, बीसीएम तसा नाही. आतच डायोड असलेले रिलेही मिळतात. मग मात्र ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, उलटं जोडलं की डायोडमधून थेट शॉर्ट.

इग्निशनचा सप्लाय मागच्या वायपरच्या फ्यूजच्या घरातून, फ्यूज टॅप (मूळ फ्यूज आणि आपला फ्यूज दोन्ही बसतात असा जोड) लावून घेतला. एबीएस, एअरबॅग, इंधन पंप, ईसीयू यांच्या घरांना हात लावायचा नाही, हा माझा नियम. टॅप कोणत्या बाजूने घालायचा हे पुष्कळ जण बघत नाहीत. फ्यूज उपसून, चावी फिरवून, घराच्या कोणत्या पायावर सप्लाय येतो ते मीटरने शोधा आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना मिळून असलेला पाय त्या बाजूला येऊ द्या. उलटा घातला तरी दिवे लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण तेव्हा आपला करंटही मूळ फ्यूजमधूनच वाहत असतो.

दोन्ही दिवे मिळून १३.८ व्होल्टला १.१ ॲम्पियर घेतात, १५ वॅटच्या आसपास. फ्यूज ३ ॲम्पियरचा. विजेच्या हिशेबाने ०.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरली असती, तरी ०.७५ ची घेतली, कारण बंपरजवळ वायरीला ओढाताण आणि कंपन सोसावं लागतं आणि जाड वायरीचं क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड, जास्त भरवशाचं बसतं. जोड सगळे क्रिम्पचे, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. सोल्डर टाळलं: ते तारांच्या आत चढतं, वायर तिथे कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच काही महिन्यांनी तुटते. इंजिनच्या बाजूला वायर कोरुगेटेड नळीतून नेली आणि कपलरच्या आधी खाली एक झोळ ठेवला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कपलरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळेल.

अर्थसाठी चॅसीवरचा एक बोल्ट काढून खालचा रंग चकाकत्या पत्र्यापर्यंत घासला, रिंग लग आणि दातेरी वॉशर लावून आवळला, वरून पेट्रोलियम जेली. दिवे चालू ठेवून दिव्याचं निगेटिव्ह आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर ३० मिलिव्होल्ट. शंभराच्या खाली असलं की मी समाधानी. मीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासण्याला अर्थ नाही, एका तारेने धरलेला लगही तिथे शून्य ओहम दाखवतो. करंट वाहता ठेवूनच तपासायचं.

इंडिकेटरबद्दल बऱ्याच जणांना प्रश्न पडतो. डीआरएल इंडिकेटरपासून ४० मिलिमीटरच्या आत असेल तर इंडिकेटर चालू असताना त्या बाजूचा डीआरएल विझवण्याची किंवा मंद करण्याची मुभा नियमावलीत आहे. माझा डीआरएल इंडिकेटरपासून बराच लांब, नारिंगी उजेड झाकोळला जात नाही, म्हणून तो भाग सोडून दिला.

उजेड मंद करून पार्किंग लाईट म्हणून वापरायची सोय या दिव्यांना आहे. ती जोडलेली नाही, जोडणारही नाही. पुढे उजेड असला की चालकाला वाटतं दिवे लागले आहेत, आणि डीआरएल मागचे दिवे लावत नाही. तिन्हीसांजेला पुढून झगमगाट आणि मागून अंधार अशा गाड्या रोज दिसतात. म्हणून डॅशबोर्डजवळ एक छोटा हिरवा एलईडी दिला आहे, ८७ए वरून, रोध घालून. तो हिरवा आहे तोवर मागे अंधार आहे, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

उरलेलं काम एफएमचं. दिवे चालू असताना कमकुवत स्टेशनांवर बारीक खरखर येते. स्विचिंग ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा, हा नेहमीचा त्रास. दोन्ही वायरी एकत्र धरून दिव्याजवळ फेराइटची क्लिप लावली, खरखर कमी झाली पण गेली नाही. कपलर आळीपाळीने काढून पाहिलं तर दोषी डाव्या बाजूचा ड्रायव्हर निघाला. आता त्याच्या सप्लायवर कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर बसवणार आहे. त्यानेही भागलं नाही तर डावा ड्रायव्हर बदलायचा.