गटाराला टेंडर, कॉम्प्लेक्सला सवलत

शहराचा मध्य सुधारला की शहर आपोआप सुधारतं, हे सांगलीत इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं वाक्य मला पाठ झालंय. जागा लांब मुदतीच्या भाड्यानं द्या, घरपट्टीत काही वर्षं सूट द्या, मग कॉम्प्लेक्स उभं राहील, गिऱ्हाईक येईल, घरपट्टी वाढेल आणि त्या वाढीव पैशातून शामरावनगर या सखल वस्तीचं गटार करू. म्हणजे शामरावनगरवाल्यांनी तोवर थांबायचं. थांबतातच की ते, दुसरं करणार काय.

आधीच सांगतो, मी पेठेच्या विरोधात नाही. हरभट रोड, कापडपेठ, गणपती पेठ इथल्या दुकानदारांची जीएसटीची कामं करतो, माझं घर त्यांच्यावरच चालतं. पण हिशेबाची कामं करून एक खोड लागलीय, न घेतलेले पैसे हा पण खर्चच असतो. दुकानदार उधारी सोडून देतो तेव्हा वहीत तसं लिहितो ना? महापालिका सोडून देते तेव्हा ते कुठल्या वहीत दिसतं?

गटाराचं बघा. इस्टिमेट होतं, तांत्रिक मंजुरी लागते, स्थायी समितीत विषय येतो, निधी उपलब्ध नाही असा शेरा पडतो, परत फिरतो, टेंडर निघतं, वर्क ऑर्डर निघेपर्यंत पावसाळा आलेला असतो. प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचारतं, पैसे कुठून आणणार? सवलतीचं तसं नाही. करारात एक कलम जास्तीचं, भाड्याची मुदत दहा वर्षं वाढवलेली, पार्किंगची अट जरा सैल. तिजोरीतून रुपया बाहेर जात नाही म्हणून कुणी विचारतच नाही. आणि तो रुपया आत येणार होता तो आलाच नाही, हे कळायला तीस वर्षं लागतात.

माझा मावसभाऊ डेट्रॉइटजवळ असतो, गाड्यांच्या कंपनीत. परवा फोनवर हाच विषय निघाला तर म्हणाला, दादा, हे तुमच्याकडचं नवीन नाही, इथं याला कायद्याचं नाव आहे. टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, टिफ म्हणतात. समजा गणपती पेठेच्या एका भागाची आज एक कोटी घरपट्टी येते. तो आकडा वीस-पंचवीस वर्षं गोठवायचा. बांधकाम झालं, घरपट्टी तीन कोटी झाली, तर वरचे दोन कोटी शाळा, बाग, वाचनालयाकडे न जाता त्याच भागात परत, बहुतेक वेळा त्याच प्रकल्पाचं कर्ज फेडायला. कॅलिफोर्नियात हे १९५२ ला सुरू झालं, आणि गंमत म्हणजे बंदही तिथंच केलं. जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना २०१२ ला चारशेच्या आसपास पुनर्विकास संस्था मोडीत काढल्या, कारण राज्यातल्या मालमत्ता कराचा साधारण १२ टक्के हिस्सा त्या उचलत होत्या, वर्षाला पाच अब्ज डॉलर, आणि इकडं शाळांना पैसे पुरेनात.

डेट्रॉइटचं तर ऐकून मी दोनदा विचारलं, खरं सांगतोस का म्हणून. १८ जुलै २०१३ ला त्या शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. शहरातले साधारण ४० टक्के रस्त्यावरचे दिवे बंद होते. आणि आठवडा व्हायच्या आत राज्याच्या मंडळानं आईस हॉकीच्या नवीन स्टेडियमच्या योजनेला मंजुरी दिली. २०१७ ला ते उघडलं, सगळा खर्च ८६ कोटी डॉलरच्या वर गेला, त्यात सार्वजनिक पैसा ३२ कोटींच्या पुढं. समर्थक म्हणतात टिफनं शाळांच्या करातलं जे वळवलं ते राज्य भरून देतं. अहो पण राज्य तरी पैसे कुठनं आणतं? भाऊ म्हणाला डाउनटाउन आता झकास दिसतं, संध्याकाळी लोक फिरतात, ते खोटं नाही. पण स्टेडियमभोवती जी वस्ती उठेल असं सांगितलं होतं तिथं बरीच वर्षं गाड्या लावायच्या मोकळ्या जागाच होत्या.

टिफसाठी तिकडं बऱ्याच ठिकाणी एक परीक्षा असते, ही मदत नसती तर हे बांधकाम झालंच नसतं, असं दाखवावं लागतं. आता हे सिद्ध कसं करणार? बिल्डर म्हणणार झालंच नसतं, तो कशाला म्हणेल की फुकटची मदत नको, मी असंही बांधणारच होतो.

आपल्याकडं टिफ नाही, पण जागा आहेत. सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ ला महापालिका झाली, जुन्या नगरपालिकांच्या मोक्याच्या जागा तिच्याकडं आल्या. कायदा खरं तर कडक आहे, महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की जागा विकताना किंवा भाडेपट्ट्यानं देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको. सगळी मेख 'चालू बाजारभाव' कुणी आणि कधीचा काढला त्यात. बीओटीवर, म्हणजे बिल्डरनं बांधायचं, काही वर्षं चालवायचं आणि मग परत द्यायचं अशा करारावर, उभी राहिलेली कॉम्प्लेक्स आपण बघतोच, तळमजला भरलेला, पहिल्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर क्लास, त्याच्या वर शटर ओढलेली, जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, लिफ्ट बंद. त्यातल्या एका इमारतीत माझं एक क्लायंट आहे, गिऱ्हाईक वर चढत नाही म्हणून त्यांनी खाली फूटपाथवरच टेबल मांडलंय.

आणि महापालिकेच्या हातात उरलंय तरी काय? जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्यावर किती बोंब झाली ते पेठेतल्यांना आठवत असेल, तोही ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ ला जीएसटी आला. आता राज्य भरपाई देतं तिच्याकडं डोळे लावून बसायचं. स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणाल तर घरपट्टी आणि या जागा. आणि सवलत द्यायची म्हणजे नेमकी यातूनच.

शामरावनगरबद्दल एक सांगितलंच पाहिजे. तिथं आणि आजूबाजूला भरपूर गुंठेवारी आहे, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले बिनपरवाना प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं प्लॉट नियमित करायला लोकांनी प्रशमन शुल्क (म्हणजे नियमित करायचा दंडच) भरलं, विकास शुल्क भरलं. विकास शुल्क! म्हणजे रस्ता, गटार, पाणी यासाठीच. त्यांनी पैसे आधी भरले आणि सोयीची वाट बघतायत, आणि मध्यवस्तीत ज्याला सगळ्या सोयी आयत्या आहेत त्याला पैसे नंतर किंवा कमी. काळी माती, सखल भाग, जुलैत एकदा पाणी साचलं की हटत नाही, मुरूम टाकला की चार दिवसांत चिखलात गडप, शाळेची पोरं चप्पल हातात घेऊन चालतात. घरं बांधताना लोक जोतं शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच घेतात आणि मग शेजाऱ्याच्या दारात तळं. याला कुणी सब्सिडी देत नाही.

बरं, पेठेला तरी काय हवंय? २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. मारुती चौकात होड्या चालल्या. नंतर कित्येक दुकानांचे भिजलेले स्टॉक, चिखलात चिकटलेली बिलं, जीएसटीत त्या मालाचं क्रेडिट परत करायचं वगैरे सगळं मी केलंय. २०२१ ला परत तेच. तेव्हा मला कुणा दुकानदारानं नवीन मॉल पाहिजे म्हटलेलं आठवत नाही. पाणी दुकानात शिरू नये, नाले मोकळे असावेत, गाडी लावायला जागा आणि बायकांसाठी स्वच्छ मुतारी, एवढंच मागत होते. म्हणजे पेठ जगवायची असेल तरी घूम फिरके गटारच. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून धुळगावला न्यायची योजना किती वर्षं रखडत चालली ते सांगलीकराला सांगायला नको. त्या योजनेला कधी कुणी 'शहराचा कायापालट' म्हटलं नाही, फोटो चांगला येत नाही ना.

केंद्र सरकार २००६-०७ पासून बजेटसोबत एक निवेदन देतं, करसवलतींमुळं किती महसूल सोडला त्याचं. अमेरिकेत पण २०१५ ला हिशेबाचा नियम आला, राज्यांनी आणि शहरांनी करात किती सूट दिली ते ताळेबंदाच्या टिपांमध्ये लिहायचं. आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात असं एक पान टाकायला काय लागतं? एक पान. सूट कुणाला, किती वर्षांची, किती रुपयांची, आणि ठरल्याप्रमाणे काम झालं का. मग स्थायीत गटाराचा विषय आणि सवलतीचा विषय शेजारी शेजारी ठेवून भांडा की. कदाचित एखादी सवलत योग्य पण ठरेल, मी नाही म्हणत नाही.

मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, भाडेपट्ट्यानं दिलेल्या जागा, धरलेला बाजारभाव, ठरलेलं भाडं आणि आजवर खरंच जमा झालेलं भाडं, एवढंच मागितलंय. सोमवारी टाकतोय. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. मिरज-कुपवाडच्या जागांचं कुणी बघणार असेल तर सांगा, मसुदा पाठवतो.