गोळी देऊन झोपवू का? तुम्ही विचारलंत म्हणून

कुत्र्याचं विमानाचं तिकीट काढून झालं की प्रत्येकाचा हाच प्रश्न: "निघताना गुंगीची अर्धी गोळी देऊ का? झोपून तरी जाईल बिचारं." नका देऊ. कितीदा सांगितलं तरी ऐनवेळी कुणीतरी देतंच, म्हणून आज कारणांसकट सांगते.

कार्गोत, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, हवा नसते ही भीती काढून टाका. तिथला हवेचा दाब तुमच्या केबिनइतकाच असतो. फार तर 8,000 फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा. जागं कुत्रं तो सोसतं. गुंगीतल्या कुत्र्याचा रक्तदाब आधीच उतरलेला असतो, त्याला तो झेपेलच असं नाही.

खरा धोका जमिनीवर आहे. नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या. विमान लांबतं, क्रेट (कुत्र्याचा प्रवासाचा पिंजरा) ट्रॉलीवर तापलेल्या काँक्रीटच्या वाफेत उभा. कुत्रं अंग थंड ठेवतं ते धापा टाकून, आणि गुंगीत तीच धाप मंदावते. ट्रॉली वळते. जागं कुत्रं पाय रोवून उभं राहतं, गुंगीतलं घसरत कोपऱ्यात जातं. मान दुमडते, नाक भिंतीला दबतं, पण डोकं उचलायची ताकद नसते. उलटी झाली तर श्वासनलिकेत जाते. पग, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींची नाकपुडी मुळातच अरुंद आणि टाळू लांब, त्यांना तर तेवढंही पुरतं. बाहेरून मात्र वाटतं, किती शांत झोपलंय. उड्डाणात बघायला कुणी नसतं. काउंटरवर झिंगलेलं कुत्रं नाकारतात तेव्हा लोक भांडतात. अहो, जीव वाचला त्याचा.

शांत करायचंच असेल तर क्रेट महिना-दीड महिना आधी घरात आणा. दार काढून ठेवा, जेवण आतच द्या. मग दार लावून 10 मिनिटं, तासभर, शेवटी गाडीतून चक्कर. लांबीचं माप: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची इतकी, की अंथरुणावर उभं राहिल्यावर कान छताला लागू नयेत. चपट्या नाकाला सगळं 10 टक्के जास्त. प्लास्टिकच्या क्लिपांऐवजी नटबोल्ट लावा. पाण्याची वाटी रात्री फ्रीझरमध्ये ठेवा: चढवताना सांडत नाही, पुढे वितळत जाते. हलकं खाणं 4 तास आधी. विमान थेट आणि पहाटेचं.

"फारच भित्रं असेल तर थोडी चालते," असं पूर्वी मीच सांगायचे. ते साफ चूक होतं असंही आज म्हणवत नाही. एसप्रोमॅझीन या गुंगीच्या औषधाने अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते, ते नकोच. गॅबापेंटिनसारखं औषध काही डॉक्टर देतात. त्याचा एक डोस आधी घरी देऊन पाहायचा, चिठ्ठी घ्यायची आणि विमान कंपनीला कळवायचं. पण पगला? तिथे माझं मन होत नाही. देशातच जायचं असेल तर रेल्वेच्या फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) काढा आणि त्याला पायाशी घेऊन बसा.