बटाटेवडा कमी तेलात: चौथ्या खेपेपर्यंतची नोंद

आधी हिशोब. मागच्या महिन्यात नेहमीसारखे १० वडे तळले, पण तळायच्या आधी आणि नंतर कढई तेलासकट वजनकाट्यावर ठेवली. ५८ ग्रॅम तेल गायब! ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर वड्यामागे ५२, त्याही नुसत्या तेलाच्या. तेव्हापासून हा खटाटोप चालू आहे.

पहिली खेप एअर फ्रायरची, ती सपशेल फसली. नेहमीच्या पिठात बुडवून वडे जाळीवर ठेवले. दहा मिनिटांनी बघतो तर पीठ खाली टपकून वाळलेलं आणि वर बटाट्याचे उघडेबोडके गोळे. तापलेल्या तेलात पीठ चहूबाजूंनी क्षणात धरतं, गरम हवेला तेवढी घाई नसते. दुसऱ्या खेपेला पीठ श्रीखंडाएवढं घट्ट केलं. टिकलं, पण आत कच्चं बेसन लागत होतं आणि वर कोरडी पापडी. एअर फ्रायर कटलेटला ठेवा. ओल्या पिठाचं ते काम नाही, यावर मी आता वाद घालणार नाही.

मग माळ्यावरचं बिडाचं आप्पेपात्र काढलं आणि गाडी रुळावर आली. प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल, ते तापलं की थोडं पीठ, त्यावर लिंबाहून लहान गोळी, वरून पुन्हा पीठ. झाकण, मंद आच. कडा सुटल्या की उलटायचे. तळणीच्या पिठात मी सोडा घालत नाही, वडे तेल पितात. इथे प्यायला तेलच नाही, त्यामुळे चिमूटभर सोड्याने आवरण हलकं होतं. चिमूटच हं. मी अंदाजे ओतला आणि हळदीने रंग बदलून वड्यांवर कुंकू शिंपडल्यासारखे लाल डाग पडले.

चौथ्या खेपेचं प्रमाण: वाटीभर बेसन, २ चमचे तांदळाची पिठी, हळद, ओवा, मीठ, छोटा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये, म्हणजे सारण चिकट होत नाही. मिरच्या दोन जास्त, कारण तेल कमी झालं की सारण मिळमिळीत लागतं.

१४ वड्यांना मोहनासकट २५ ग्रॅम तेल लागलं (सारणाची फोडणी दोन्हीकडे सारखी, म्हणून धरली नाही). वड्यामागे १६ कॅलरी. ऐकायला भारी, पण आकार निम्माच. दोन मिळून एक धरा, म्हणजे ५२ च्या जागी ३२.

आईने तीन खाल्ले. म्हणाली, "चांगले झालेत रे, पण आप्पे म्हणून वाढ, वडा म्हणू नकोस."

तिचंही खरंच आहे. तळलेल्या वड्याचा तो वेडावाकडा कुरकुरीत काठ इथे येत नाही. आणि तळणच नाही म्हटल्यावर सुक्या चटणीसाठी चुरा कुठून आणायचा? उरलेलं पीठ पातळ करून चमचाभर तेलाच्या तव्यावर थेंबथेंब शिंपडलं, खरपूस होईपर्यंत परतलं आणि लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट घालून वाटलं. ही चटणी मात्र आईने डब्यात भरून घेतली.

पुढच्या रविवारी साबुदाणा वडा. आप्पेपात्रात कुणी केले असतील तर दाण्याचं कूट किती घेता तेवढं सांगा.